मधली सही

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि कानाला फोन.

"नाही साहेब, रिपोर्ट अडकले तरी ओळखीची तपासणी बंद करणार नाही. रुग्णांच्या रक्ताचे रिपोर्ट आहेत ते. पलीकडे खरंच प्रयोगशाळा आहे की दुसरंच कुणी, हे कळायला नको? घाईचे रिपोर्ट तोवर फोनवरून घ्या. मी बघते."

"काय गं, नोकरी घालवतेस की काय?"

"नाही गं आई. प्रयोगशाळेचा सर्व्हर स्वतःचं ओळखीचं प्रमाणपत्र दाखवतोय, पण त्यावर ज्याची सही आहे, त्याचं दाखवत नाही. आमच्या रुग्णालयाचा प्रोग्राम ओळखतो फक्त सगळ्यात वरच्याला, ज्याने त्या मधल्याला सही दिली. मधलाच गायब, मग विश्वास ठेवायचा कसा?"

"परवा एक जण दारात आला, म्हणे तुमच्या नात्यातला."

"आणि तू घेतलंस आत?"

"छे! म्हटलं, कुणाचा कोण ते नीट सांग. तेव्हा कळलं, तुझ्या आत्याच्या जावेचा नातू."

"बस, मीही तेच विचारतेय. थांब हं. हॅलो, प्रयोगशाळा? नवीन प्रमाणपत्र बसवताना मधलं राहिलंय तुमचं. तेही सर्व्हरवर ठेवा... ठेवलंत? छान. हॅलो, साहेब? रिपोर्ट यायला लागले. हो, तपासणी चालू ठेवूनच."

"काय म्हणाले साहेब?"

"'बरं' म्हणाले."

"एवढंच?"

"त्यांच्या तोंडून तेवढं म्हणजे खूप झालं."

"तुझे बाबाही तसलेच. लग्नाला होकार आहे का विचारलं, तर 'बरं' म्हणाले. अजून तेवढ्यावरच चाललंय आमचं."