समुद्राच्या बाटलीतलं तुळशीपत्र

शेगावला दर्शनाच्या रांगेत मी जप करत होते. माझ्यापुढे मायलेकी होत्या.

“आई, समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या गच्चीवरून काऊन उचलल्या?”

“समुद्र म्हणजे तीर्थ ना वं! देवघरात ठेवल्या. तुळशीपत्रबी टाकलं.”

“तुळशीपत्र? अवं, नदीतून वाहून आलेल्या पाल्यापाचोळ्याचा रंग समुद्राच्या पाण्यात उतरते. तो उन्हानं किती उडते, हेच मले सोमवारी कॉलेजात दाखवायचं होतं! एक बाटली रोज लाटांसारखी हलवून, एक न हलवता.”

“मी तं एकीलेबी हलू नाही दिलं. आता?”

“आता समुद्राचा रंग कोणता अन् तुळशीचा कोणता, मलेच समजून नाही राह्यलं.”

“मंग महाराजांले काय मागू? रंग उडू दे म्हणू, का राहू दे?”

“आई...”

“सांग ना वं लवकर, नंबर आला आपला.”