पाहुण्याच्या खोलीचे पडदे

(म्हैसूर, शनिवार, दुपारचे अडीच. आयर्लंडमध्ये सकाळचे दहा. तिथलं बॅलिडून हाउस नावाचं जुनं मोठं घर आज बारा वाजता पहिल्यांदाच लोकांसाठी उघडणार आहे. तिथे कामाला असलेली स्पंदना व्हिडिओ कॉलवर. इकडे तिचे आजोबा श्रीनिवासराव, जन्मभर कापडावर ठसे मारणारे रंगारी, आणि आजी पुष्पावती.)

पुष्पावती : बावन्न खिडक्या? मग पुसतं कोण गं त्या?

स्पंदना : पन्नासच पुसायच्या, अज्जी. दोन खोट्या आहेत.

पुष्पावती : खिडकी खोटी कशी असेल?

स्पंदना : बाहेरून डावीकडे जेवढ्या तेवढ्याच उजवीकडे दिसायला पाहिजेत ना. पण उजवीकडे आतून धुराडं येतं. मग तिथे नुसती चौकट लावली. काचेच्या मागे भिंत, तिला काळा रंग.

श्रीनिवासराव : जोडी जुळवायला. आम्ही पण चादरीच्या कोपऱ्यात जागा कमी पडली की फुलाचा अर्धाच ठसा मारायचो. लांबून कळत नाही.

पुष्पावती : आणि स्वयंपाकघर कुठंय? मघापासून नुसते हॉल दाखवतेस.

स्पंदना : ते तळघरात. आणि जेवायची खोली वर, दुसऱ्या टोकाला. मी मोजलंय, एकशे बारा पावलं.

पुष्पावती : अय्यो! सार गारढोण होणार की.

स्पंदना : व्हायचंच. नोकरांचा जिना पण वेगळा, भिंतीत लपवलेला. दारावर भिंतीचाच कागद चिकटवलाय, दार आहे हे कळतच नाही. म्हणजे मालकांना वाढणारा माणूस दिसायला नको, सूप तेवढं दिसलं पाहिजे.

पुष्पावती : आमच्या सासूबाईंना असा जिना मिळाला असता ना, तर मी लग्नानंतर कुणाला दिसलेच नसते.

श्रीनिवासराव : साकु, पुरे आता. पडदे दाखवते म्हणाली होतीस, पुट्टा. ते दाखव.

स्पंदना : थांबा ताता, शटर उघडते. ही बघा, इथली शटरं भिंतीतच घडी होऊन बसतात. आता दिसतंय? ही निळी खोली. पाहुण्याची खोली म्हणतात. आणि हा पलंग.

पुष्पावती : हा पलंग आहे? मला वाटलं देवघर.

स्पंदना : चार खांब, वर छत, चारी बाजूंना पडदे. थंडी वाजायची ना त्यांना, पडदे ओढून आत झोपायचे. पडदे दोनशे वर्षांचे, आपल्याकडून गेलेलं कापड. साठ वर्षं माळ्यावर पेटीत होते. मी तीन महिने लावून साफ केले आणि मंगळवारी टांगले. मी!

पुष्पावती : तू तर बिल्डिंगचं शिकलीस. कापड तुला कुणी दिलं?

स्पंदना : मिसेस हॅननने. घर त्यांचं. त्या म्हणाल्या, तू इंडियाची आहेस, तुला कळत असेल. मी म्हटलं, आमचं घरच रंगाऱ्यांचं आहे.

पुष्पावती : हौदु, खरंच आहे ते.

स्पंदना : ताता, काहीतरी बोला ना. कसे आहेत?

श्रीनिवासराव : फोन जवळ ने. फुलाच्या देठाजवळ. आणखी. ती काळी रेघ दाखव.

स्पंदना : ही?

श्रीनिवासराव : हं. आता त्याची मागची बाजू.

स्पंदना : मागची म्हणजे पलंगाच्या आतून. थांबा, पडद्याआड जाते. टॉर्च लावलाय. आत रंग छान राहिलाय, बघा. लाल तर एकदम ताजा. ऊन लागलं नाही ना.

पुष्पावती : किती सुरेख गं! हे आत कशाला लपवलंस?

श्रीनिवासराव : पुट्टा, तू ते उलटे टांगलेस.

स्पंदना : नाही ताता. वरची बाजू वरच आहे, फुलं उभी आहेत.

श्रीनिवासराव : वर-खाली नाही. आत-बाहेर. आतली बाजू सुलट आहे. आतली रेघ बघ, विळ्यानं कापल्यासारखी स्वच्छ. बाहेरची भिजून पसरल्यासारखी दिसते. बाहेर दिसतेय ती कापडाची पाठ.

स्पंदना : पण ताता, मी विचार करून केलंय. ऊन बाहेरून येतं. ऊन ज्या बाजूला लागतं तिचा रंग उडतो. म्हणजे उडालेली बाजू बाहेर होती. बाहेर असते ती सुलट. मी रिपोर्टमध्ये पण तसंच लिहिलंय.

श्रीनिवासराव : पहिली दोन वाक्यं बरोबर. बाहेर असते ती सुलट, हे तुला कुणी सांगितलं?

स्पंदना : कुणी म्हणजे? असंच असतं ना. आपल्या हॉलमधल्या दिवाणावरची चादर घ्या. वरची बाजू फिकी, खालची गडद.

पुष्पावती : अय्यो देवा.

स्पंदना : काय झालं?

पुष्पावती : अगं, ती मी उलटीच घालते. रोजच्याला उलटी. पाहुणा आला की सुलटी करायची, गेला की परत उलटी. नाहीतर रंग टिकेल का घरात? माझी सासू तेच करायची, तिचीही तेच.

स्पंदना : म्हणजे मी लहानपणी बघितली ती…

श्रीनिवासराव : पाठ. कॉलेजला जाईपर्यंत चौदा वर्षं तू त्या चादरीच्या पाठीवर बसून अभ्यास केलास.

स्पंदना : अज्जी, मला एकदा तरी सांगायचं ना!

पुष्पावती : यात सांगायचं काय? घरातल्या मुलीला कळत असेल असं वाटलं. आणि पाहुणे आले की तू खोलीत जाऊन दार लावून बसायचीस.

स्पंदना : हे लोक पण असं करत असतील? एवढे श्रीमंत?

पुष्पावती : श्रीमंत मालक गं. चादरी मालक बदलतात का? घर बघणारी जी बाई असेल, तिला रंग उडाल्यावर बोलणी खायची असणार. एक काम कर. पडद्याची खालची दुमड बघ.

स्पंदना : दुमड म्हणजे… हेम?

पुष्पावती : काठ मुडपून शिवतात ना, ते. ती पाठीकडे असते. उलटं घालायचं तर उसवून दुसऱ्या बाजूला मुडपावी लागते. म्हणजे सुईची जुनी भोकं दिसतील, आत्ताच्या टाक्याच्या वर.

स्पंदना : एक मिनिट. खाली बसते. …अज्जी.

पुष्पावती : आहेत?

स्पंदना : आहेत. दोन रांगा. ही मी बघितली होती. दुरुस्ती केली असेल म्हणून सोडून दिली. रिपोर्टमध्ये एक ओळ पण नाही त्यावर.

श्रीनिवासराव : मग आयतु, झालं तर. उलटून टाक.

स्पंदना : एवढं सोपं नाही, ताता. एक पडदा उलटायला दोन माणसं आणि पाऊण तास. चार पडदे. आणि बारा वाजता ट्रस्टचे लोक येणार. त्यांनीच या घराला पैसे दिलेत. मला कायम करायचं की सप्टेंबरात परत पाठवायचं, ते आजचं काम बघून ठरवणार आहेत. दारात पाटी आहे, माझ्या नावानं. ‘ही दर्शनी बाजू, उन्हाने रंग उडालेला.’

श्रीनिवासराव : पाटी काढ.

स्पंदना : अजून एक आहे. मंगळवारी पडदे लावले तेव्हा मिसेस हॅनन रडल्या. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. लहानपणी ताप आला की त्यांना या पलंगावर निजवायचे, म्हणाल्या, आणि पडदे अगदी असेच होते. असेच फिके.

पुष्पावती : मग असेच होते तर चुकलं काय? तिनं पाहिलं ते खरंच होतं.

श्रीनिवासराव : पुष्पा, कापडाला एकच सुलट असते.

पुष्पावती : कापडाला असेल. घराला नसते. तुम्ही ठसा मारून वाळवलंत, धुतलंत, तुमचं संपलं. त्यानंतर पन्नास वर्षं ते वापरतं कोण?

स्पंदना : ट्रस्टवाल्यांना मी काय सांगू? रंगाऱ्याच्या नातीला सुलट-उलट कळली नाही?

श्रीनिवासराव : असंच सांग. तसंच तर झालंय.

पुष्पावती : अहो!

श्रीनिवासराव : माझ्याकडून पण झालंय, पुट्टा. कृष्णराजनगरला नदीवर दोनशे वार माल धुवायला नेला होता. कामगार म्हणाला, अण्णा, रंग सुटतोय. मी म्हटलं, सुम्ने राहा, मला शिकवू नको. व्यापाऱ्याकडे माल गेल्यावर पहिल्या धुण्यात पांढरा झाला. मी जाऊन सांगितलं, मी चुकलो.

स्पंदना : मग?

श्रीनिवासराव : पुढची दोन वर्षं त्यानं काम दिलं नाही. तिसऱ्या वर्षी दिलं.

स्पंदना : ताता, हे धीर द्यायला सांगताय का घाबरवायला?

पुष्पावती : मिसेस हॅननला आधी सांग. ट्रस्ट मागनं. घर तिचं आहे.

स्पंदना : सव्वादहा वाजलेत. त्या खाली असतील. एवढ्या घरात त्या दोनच खोल्या वापरतात, हीटर लावून. ठेवते.

पुष्पावती : काही खाल्लंस का?… ठेवला.

श्रीनिवासराव : मी तोंड उघडायला नको होतं.

पुष्पावती : तुम्ही कधी गप्प बसलात? लग्नात, मांडवात, भटजी मंत्र म्हणत होते आणि तुम्ही माझ्या भावाला सांगितलंत की शालूच्या काठाचा रंग जाणार.

श्रीनिवासराव : गेला का नाही?

पुष्पावती : गेला. पण त्या दिवशी नाही.

श्रीनिवासराव : परत पाठवलं तर येऊ दे इकडे. काय बिघडलं?

पुष्पावती : तुम्हाला बरंच वाटेल. तिला वाटणार नाही. त्या घरातल्या भिंतीतल्या जिन्याबद्दल बोलताना तिचं तोंड बघितलंत?

श्रीनिवासराव : बघितलं की. म्हणून तर म्हणतो, गप्प बसायला हवं होतं.

पुष्पावती : गप्प बसला असतात तर रात्रभर तळमळत मलाच सांगत बसला असतात. कॉफी घेता?

श्रीनिवासराव : स्वल्प. किती वाजले?

पुष्पावती : तीन. आता दर पाच मिनिटांनी विचारू नका.

श्रीनिवासराव : माल दक्षिणेतला, पण किनाऱ्याकडचा. काळी रेघ हातानं काढलेली, ठशाची नाही. आपल्यापैकी कुणाची नाही. पण हात चांगला होता हं. देठ एका दमात काढलाय.

पुष्पावती : हे तिला सांगायचं होतंत. उलटं-उलटं म्हणून ओरडलात तेवढं.

श्रीनिवासराव : ओरडलो नाही.

(बऱ्याच वेळानं.)

पुष्पावती : चार वीस झाले, तरी कपात कॉफी तशीच. उचला, उचला, वाजतोय!

श्रीनिवासराव : हां, पुट्टा. सांगितलंस?

स्पंदना : सांगितलं. सगळं. दुमड, भोकं, आपली दिवाणावरची चादर पण.

पुष्पावती : चिडली?

स्पंदना : नाही. म्हणाल्या, ही खोली कुणा मोठ्या पाहुण्यासाठी सजवली होती, असं त्यांची आजी सांगायची. तो आलाच नाही. म्हणून पडदे सुलट करायची वेळ कुणावर आली नाही.

पुष्पावती : दोनशे वर्षं?

स्पंदना : दोनशे वर्षं. मग त्यांनी स्वतः बागकाम करणाऱ्या माणसाला बोलावून शिडी आणायला लावली. एक पडदा उलटून झालाय. पायाकडचा. तीन बाकी आहेत.

श्रीनिवासराव : आणि ते तीन?

स्पंदना : ते ठरलं नाही. डोक्याकडच्या पडद्याला हात लावून त्या म्हणाल्या, हा मी विचार करून सांगते. पाटी मी काढलीय. दुसरी लिहिलेली नाही.

श्रीनिवासराव : रंग कसा दिसतो? उजेडात?

स्पंदना : मी फोन फिरवते. …ताता? दिसतंय ना?

पुष्पावती : दिसतंय गं. चष्मा पुसतायत.

श्रीनिवासराव : देठ बघ, पुट्टा. एका दमात काढलाय.

पुष्पावती : आणि ते ट्रस्टवाले? त्यांना सांगितलं?

स्पंदना : आत्ताच त्यांची गाडी फाटकातून आत आली, दहा मिनिटं आधीच. मी शिडीवरून उतरून त्यांना सांगायला निघाले होते. मिसेस हॅनन म्हणाल्या, मी जाते, तू शिडीवरून उतरू नकोस.