जाऊबाईची बाजू

आजच्या सभेच्या अध्यक्ष आपल्या मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावर बसलेले दोन्ही देशांचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या पाहुण्या बाई, शिक्षक, पालक आणि पहिल्या रांगेत एकमेकांना कोपराने ढोसणारी माझी सगळी बाळं,

मला पाच मिनिटं बोलायला दिलीत. धाडसच केलंत! मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण बोलण्याला शाळा लागत नाही.

वर्षापूर्वी या बाई आपल्याकडे शिकवायला आल्या. त्यांची शाळा आणि आपली शाळा यांच्यात ठरलंय, तिथली एक शिक्षिका वर्षभर इथे आणि इथली दोन मुलं वर्षभर तिथे. माझ्या लहानपणी रेडिओवर त्या देशाचं नाव आलं की मोठी माणसं गप्प व्हायची आणि आम्हाला आत पिटाळायची. आज त्याच देशाची बाई माझ्या नातीचे पाढे तपासते. आहे की नाही गंमत?

बाईंच्या वर्गात भांडणाला शिक्षा नाही. भांडणाऱ्या दोघांनी समोरासमोर बसायचं आणि दुसऱ्याची तक्रार त्याच्या बाजूने सांगायची. तो "हो, असंच" म्हणेपर्यंत उठायचं नाही. अडलं, तर एक प्रश्न विचारायचा. मी म्हटलं, हे कसलं शिक्षण? आमचे मास्तर दोघांना एकेक छडी द्यायचे, भांडण मिटायचं. म्हणजे, मधल्या सुट्टीपर्यंत मिटायचं.

तर यंदा तिकडे जायला माझ्या नातीची निवड झाली. जोडीला कोण? माझ्या धाकट्या जावेची नात! आम्ही दोघी एकाच घरात. ती वर, मी खाली, जिना एक. बोलणं मात्र नऊ वर्षं बंद. का, तर माझ्या लेकीच्या लग्नात ऐन फोटोच्या वेळी ही गायब, आणि नंतर न जेवता निघून गेली. मी सांगून टाकलं, "तिची नात तिकडे माझ्या नातीच्याच खोलीत राहणार असेल, तर माझी जाणार नाही." वरूनही तोच निरोप आला. जोडी मोडली, की दोघींचंही जाणं रद्द. पोरी दोन दिवस जिन्यात तोंड पाडून बसल्या.

बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. कुठे? वर्गात, पहिलीच्या खुर्च्यांवर! माझे गुडघे कानाशी. आणि बघायला अख्खा वर्ग.

"आजी, त्यांची बाजू सांगा."

मी सुरू केलं, "मी धाकटी. मुळातच तोंडाळ..."

पोरं खिदळली. जाऊबाई म्हणाली, "असं नाही."

"मला फोटोत मधोमध उभं राहायचं होतं..."

"असं नाही."

"मग कुठे उलथली होतीस?"

"आजी," बाई म्हणाल्या, "प्रश्न नीट."

"कुठे होतीस गं?"

नऊ वर्षं मी साऱ्या गावाला तिच्याबद्दल सांगितलं. तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"नवरीच्या चपलेचा पट्टा तुटला होता. मागच्या खोलीत शिवत बसले होते. चप्पल घेऊन बाहेर आले, तर फोटो काढून झालेला. कुणी हाकसुद्धा मारली नाही, ताई."

आता ऐका. तो फोटो माझ्या भिंतीवर आहे. लेक भारी कपड्यांत आणि पायात घरातल्या सपाता! काच रोज मी पुसते. नवरीच्या चपला कुठे गेल्या, हे कधी डोक्यात आलं नाही.

मग मी तिची बाजू सांगितली. "सगळं घर हसत उभं होतं, माझी जागा कुणी ठेवली नव्हती. म्हणून मी न जेवता गेले."

"हो, असंच," ती म्हणाली. आणि लगेच, "पण मी तोंडाळ नाही."

"थोडी आहेस."

"तुमच्याहून कमीच."

मग तिची पाळी. तिने एका दमात सांगितलं, "मी मोठी. जाऊ रुसली तर मला करमत नाही, पण आधी बोलले तर माझं मोठेपण जातं." आता यावर "हो, असंच" म्हणण्यावाचून मी काय करणार? मेलीला सगळं ठाऊक होतं!

त्याच खुर्च्यांवर बसून दोघींनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. माझी वाकडी आली, पण आली. सोमवारी पोरी बाईंबरोबर निघताहेत.

पाहुणेमंडळी, तुम्ही मोठे करार करता, करा बापडे. त्यात एक ओळ वाढवा. पुढच्या वर्षी मुलांबरोबर तिथली एखादी आजीही इकडे पाठवा. तिचीही कुणी जाऊ असेलच की.

पोरींनी ठरवलंय, दोन्ही घरांना मिळून एकच पत्र पाठवायचं. मला भरभर वाचता येत नाही, जाऊबाईला येतं. ती वाचणार, मी ऐकणार. पण वाचायचं कुणाच्या घरात? यावरून कालच आमचं वाजलं. ती म्हणते वर, मी म्हणते खाली. शेवटी मधल्या पायरीवर बसायचं ठरलं.

बाई, तुमचे उपकार कसे फेडू, मला सुचत नाही. एवढा वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांची मी आभारी आहे. कमीजास्त बोलले असेन, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. जाऊबाई तिसऱ्या रांगेतून "पुरे" म्हणून हात हलवतेय. तिचं ऐकते आणि बसते.