दोरीवरची अकरा पत्रं

बसा, बसा. माझ्यासाठी कुणी उभं राहू नका.

बमरोलीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो, शाळेतल्या गुरुजींनो, पुण्याहून आलेले कुलकर्णी सर, बडोद्याहून आलेले त्रिवेदीसाहेब, सगळ्यांना माझा नमस्कार. माइकपुढे मी कधी बोललेले नाही. सभेत मास्तर बोलायचे आणि मी मागे चहाचे कप मांडायचे. कालच त्यांचं तेरावं झालं. पण आधीच सांगून टाकते, आज मला रडू कमी येतंय आणि राग जास्त येतोय.

राग कशाचा? आत्ता सूत्रसंचालकांनी सांगितलं ना, शोकप्रस्ताव थोड्या वेळाने वाचला जाईल म्हणून? तो वाचला जाणार नाही. तो तयारच नाही. प्रस्तावात पहिलंच वाक्य आहे, 'अमुक साली स्थापन झालेल्या आपल्या संघटनेचे सचिव'. त्या अमुक सालावर गाडी अडली आहे. कुलकर्णी सर म्हणतात, ठराव झाला ते साल धरा. त्रिवेदीसाहेब म्हणतात, संघटनेची घटना मंजूर झाली ते साल धरा. तीन मसुदे झाले. आज सकाळी माझ्याच ओट्यावर बसून चौथा झाला. माणूस गेला त्याबद्दल दोघांचं एकमत आहे, हे नशीब म्हणायचं.

मास्तर सोळा वर्षं या भांडणातून कसे निभावले, माहीत आहे? संघटनेच्या छापील कागदावर त्यांनी साल घातलंच नाही. मी विचारलं होतं, "अहो, इथे जागा रिकामी का?" म्हणाले, "ती जागा रिकामी आहे म्हणून संघटना भरलेली आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मास्तर मराठी शाळेत चौथीला शिकवायचे. खानदेशातून इथे सुरतेत मागावर कापड विणायला आलेल्या आपल्या लोकांबद्दल त्यांनी एक लेख लिहिला. तो कुणीतरी इंग्रजीत केला आणि परदेशातले एक प्रोफेसर तो वाचून आमच्या घरी आले. पुढे सात-आठ देशांतल्या अशा लोकांनी मिळून विणकरांचा इतिहास लिहिणाऱ्यांची संघटना काढली. सचिव कोण, यावर प्रत्येक देश दुसऱ्या देशावर रुसला. शेवटी कुणीतरी म्हणालं, सुरतच्या मास्तरांना द्या, ते निदान पत्राला उत्तर देतात. सहा महिन्यांपुरतं. ते सहा महिने सोळा वर्षं चालले.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून दारापर्यंत, माझी कपडे वाळत घालायची दोरी होती. ती मास्तरांनी घेतली. ज्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय ते चिमट्याने दोरीवर लटकवायचं. उत्तर टपालात पडलं की पत्र उतरवून ट्रंकेत ठेवायचं. असा त्यांचा नियम. पावसाळ्यात ओली लुगडी मी दारामागे कोंबायची आणि दोरीवर जर्मनी वाळत असायची. मी म्हणायचे, "तुमच्या इतिहासाला वारा लागतो, माझ्या पोलक्याला कुबट वास येतो." ते चिमटे मोजत म्हणायचे, "आणखी चारच राहिलीत गं." ती चार कधी संपली नाहीत.

पण खोटं कशाला बोलू? मी दुसरीतून शाळा सोडलेली. मला वाचायला त्या दोरीनेच शिकवलं. पोळ्या लाटता लाटता मी अक्षराला अक्षर लावून पाकिटांवरचे पत्ते वाचायचे. आधी मराठी, मग गुजराती, मग इंग्रजी अक्षरं. नंतर मास्तरांच्या कपाटातली पुस्तकं काढून वाचायला लागले. ते विचारायचे, "समजलं का?" मी म्हणायचे, "अर्धं. उरलेलं लिहिणाऱ्यालाच समजलेलं दिसत नाही." तेव्हा हसायचे ते.

संघटनेची मोठी सभा एकदा सुरतेत भरली, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. याच हॉलमध्ये. विणकरांच्या इतिहासाचे एवढे जाणकार! पहिली सकाळ गेली स्वागतात कोणत्या देशाचं नाव आधी घ्यायचं यात. दुपारी एक पाहुणे उठले आणि म्हणाले, बाहेरचा खटखटाट फार त्रास देतो, बंद करता येईल का? तीस पावलांवर भिकाआप्पांचा कारखाना. माग चालू होते. विणकरांसाठी समुद्र ओलांडून आलेल्या माणसांना मागाचा आवाज नको होता!

आप्पा, तुम्ही समोरच बसलाय. तुम्हीच तेव्हा दारात येऊन म्हणालात ना, "हाई बंद कयं ते तुम्ही लिखशात काय?" हे बंद केलं तर तुम्ही लिहिणार काय? मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं नाही. म्हणाले, "ते म्हणतात, बघतो." आणि संध्याकाळी त्यांनी एकेका पाहुण्याला हाताला धरून आप्पांच्या मागापाशी नेलं.

आणि प्लेगचं वर्ष! अर्धं सुरत गाठोडी बांधून स्टेशनवर. तेव्हा एका सभासदाचं पत्र आलं, काही दिवस सुरतेहून टपाल पाठवू नये, इकडे लोक पाकीट उघडायला घाबरतात. मला इतका संताप आला! कसे आहात, हेसुद्धा विचारलं नव्हतं हो. मास्तरांनी काय करावं? उत्तरं लिहिली, पिशवीत भरली, नंदुरबारला माझ्या माहेरी मला सोडायला आले आणि तिथल्या पेटीत टाकून आले. शिक्का नंदुरबारचा पडला, मग पाकिटं उघडली गेली. मी म्हटलं, "तुम्हाला लाज नाही वाटत?" म्हणाले, "त्यांची भीती आहे गं ती. आधीच्या पत्रातला प्रश्न त्यांनी खरा विचारला होता, त्याला उत्तर नको का?"

आता शिक्क्याचं सांगते. पोस्टाचा नाही, संघटनेचा रबरी शिक्का. मास्तर गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही अस्थी गोळा करून आलो. माझे पाय धुवायचे होते. ओट्यावर कुलकर्णी सर. "वहिनी, शिक्का आणि ट्रंक माझ्याकडे सोपवली तर काम अडणार नाही." ते गेले, तासाभराने त्रिवेदीसाहेब. "बेन, सिक्को सुरक्षित छे ने?" सर, साहेब, मान खाली घालू नका. तुम्ही दोघं वाईट नाही. मास्तरांना तुम्ही दोघंही आवडायचात, म्हणून तर तुम्हाला दोघांना ते एकाच दिवशी घरी बोलवत नसत. पण तुम्ही शिक्का मागितलात, ट्रंक मागितलीत. डोक्यावर दोरी होती. दोरीवर अकरा पत्रं होती. वाकून त्यांच्याखालून आत आलात दोघं. एकाने तरी विचारलंत का, ही कुणाची?

मी सांगते कुणाची. नऊ तुमच्या सभासदांची. एक इथल्याच पर्वत पाटियाच्या एका मुलीचं, तिला आजोबांच्या मागाबद्दल लिहायचंय आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. आणि एक हेलेनाबाईंचं.

हेलेनाबाई पोलंडच्या. सूतगिरणीत हयात गेली त्यांची. त्यांनी तीनदा सभासद व्हायचा अर्ज केला आणि तीनदा तुमच्या समितीने नाकारला, कारण बाईंना पदवी नाही. मास्तरांनी तिन्ही वेळा बाईंच्या बाजूने मत दिलं, तिन्ही वेळा हरले आणि पत्रं मात्र दर महिन्याला लिहीत राहिले. शेवटच्या पत्रात बाईंनी विचारलंय, धागा तुटला की तुमच्याकडच्या बायका गाठ कशी मारतात? त्यांच्या आईची गाठ त्यांच्या लेकीला येत नाही, ती दुसरीकडे कुठे शिल्लक आहे का?

मास्तरांना छातीत कळ आली त्याच्या आदल्या दिवशी ते आप्पांच्या घरी, त्यांच्या घरच्या वैनींच्या हाताची गाठ बघायला गेले होते. एका कागदावर चित्र काढून आणलं. ते चित्र त्या पत्रालाच चिमट्याने लावलेलं आहे. उत्तर लिहायचं राहिलं.

म्हणून मी आज ती दोरी इथे आणली आहे. तुमच्या मागे, खिडकीच्या गजांना बांधली आहे. फोटोला हार भरपूर झाले. जाताना एकेकाने एकेक पत्र काढून घ्या. सर, तुम्हीही. साहेब, तुम्हीही. घरी जाऊन उत्तर लिहा, टपालात टाका आणि पत्र मला परत आणून द्या. दोरी रिकामी होईपर्यंत शिक्का माझ्याजवळ राहील. कुणाला घटनेत बसत नसेल तर त्यांनी तसं लेखी कळवावं. मी तेही दोरीवर लावीन.

हेलेनाबाईंचं पत्र कुणी घेऊ नका. ते माझं. माझं इंग्रजी तोडकंमोडकं आहे, पण गाठीचं चित्र आहे, आणि मास्तर गेले हे कळवायला फार व्याकरण लागत नाही.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. त्या दोन मिनिटांत कृपा करून साल आठवू नका. आप्पांनी आज माग बंद ठेवले होते. मीच त्यांना म्हटलं, चालू करा. तो आवाज येऊ दे.

रोज दुपारी पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की आप्पा कारखान्यातून ओरडायचे, "मास्तर, टपाल उनं!" आणि हे जेवत्या ताटावरून उठायचे. सोळा वर्षं मी त्यावरून भांडले. काल दुपारी पोस्टमन आला, तर आप्पा काही ओरडले नाहीत.

मास्तर, टपाल आलंय. तुम्ही बसा, मी बघते. नमस्कार.