उणे एक दिवस

…आणि झोप उडाली कशानं म्हणाल, तर एका आडव्या रेघेनं! तुम्हाला सांगते, सलग तीन रात्री डोळे मिटले की समोर तीच. वजाची. माझ्या नावापुढे. आम्रपाली, शिल्लक रजा, उणे एक.

आता तुम्ही म्हणाल, रजा उणे कशी होईल? असते, नाहीतर संपते. माझी संपलीच होती, लेकीच्या, मैत्रीच्या, कांजिण्यांत सगळी गेली, शून्य. तर आमच्या चाकणच्या कंपनीचा जुना डेटाबेस होता मायएसक्यूएल. त्यात रजेच्या रकान्याला ‘अनसाइन्ड’ नावाचा प्रकार होता, म्हणजे शून्याच्या खाली पायरीच नाही, जास्तीची रजा मागा की तोंडावर ‘नाही’! आणि मी, हो मीच, ते सगळं उचलून पोस्टग्रेस नावाच्या नव्या डेटाबेसमध्ये नेलं, आणि तिथे हा प्रकारच नाही हो! तिथे आकडा घेतला की वजाही पदरात पडतो. नको असेल तर आपण वेगळं कुलूप घालायचं, की बाबा, शून्याच्या खाली चालणार नाही. एका ओळीचं काम. बाकीच्या चाळीस रकान्यांना घातलं, रजेचं राहिलं… का राहिलं? मला विचारू नका, मीच मला विचारतेय.

तर सोमवारी चाचणी म्हणून मी शुक्रवारची रजा टाकली. चाचणीच होती! म्हणजे… ऐंशी टक्के. शुक्रवारी मैत्रीचं गॅदरिंग, दुसरीच्या मुलांचा नाच, त्यात ती ढग झालीय. ‘येशील ना?’ म्हणून सतरा वेळा विचारून झालंय, आणि नवऱ्याची, धम्मरत्नची, फर्स्ट शिफ्ट, तो कसला लाइन सोडून येतोय… म्हणून टाकली. पडद्यावर आलं, ‘मंजूर’. कुलूप घालू की, म्हटलं, पण शुक्रवार तर होऊन जाऊ दे!

उणे एक दिवस कसा असतो हो? मला तर दिसायलाच लागला. गुरुवार संपलाय, शुक्रवार लागायचाय, आणि मधल्या फटीत तो बसलाय, हलका, पिंजलेल्या कापसासारखा… चऱ्होलीत आमच्या बिल्डिंगखाली कंपनीची बस येत नाही, कारण त्या दिवशी बसच नसते, समोरच्या बांधकामावरची क्रेनसुद्धा मान टाकून झोपलेली, आणि मी अनवाणी, सावकाश शाळेकडे चाललेय, आणि माझा ढग स्टेजवर येतोय…

“ताई!” मागे स्टोअरचे मारुतराव, माझ्या पडद्यात डोकावत. आज दुपारची गोष्ट. “नसलेली रजा बी मिळती व्हय ह्याच्यात? मग मला दोन टाका की. त्या मायनसमदल्या.”

झालं! म्हटलं, आता अख्खी कंपनी उण्यात जाणार. घाईघाईनं कुलूप घालायला गेले, तर ते लागेचना. का? तर म्हणे, ‘कुठल्यातरी ओळीने नियम मोडला आहे.’ सभ्य बघा किती, नाव घेत नाही! आणि शेजारच्याच खुर्चीत माझे साहेब, जयदीप सर. सरांची शिल्लक रजा बेचाळीस. बेचाळीस! बायको-मुलं महाबळेश्वरला गेली तरी हा माणूस आपल्या खुर्चीत. वाकले, चष्मा कपाळावर नेला, म्हणाले, “कोण हो ही कुठलीतरी ओळ?”

काय सांगणार? म्हटलं, “सर… मी.”

सरांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग हळूच म्हणाले, “शून्य करा. कुलूप लावा.”

केलं. गेला माझा शुक्रवार. आणि कुलूप असं लोण्यासारखं लागलं म्हणून सांगू, एरवी माझं एक काम पहिल्या फटक्यात होत नाही… आजच व्हायचं होतं!

उणे एक दिवस कसा असतो हो? आता कुणालाच कळणार नाही.

घरी आले तर मैत्री पाठीला ढगाचा कापूस लावून वजाबाकी करत बसलेली, एकक-दशकाची घरं आखून. मी बसमध्ये तीनदा घोकलेलं सगळं रीतसर सांगितलं. “बाळा, आईकडे शून्य रजा आहेत. शून्यातून एक जातो का? नाही ना? म्हणून शुक्रवारी…” वाटलं, रडणार. मीच रडायच्या बेतात. तिनं पेन्सिल चावली, माझ्याकडे असं पाहिलं जणू दुसरीत मीच आहे, तीही नापास होऊन, आणि म्हणाली,

“अगं आई, जात नसेल तर शेजारच्या घरातून उसना घ्यायचा! तुझ्या शेजारी कोण बसतं?”