टेपवर नसलेला सातवा भाग

अगं, नुसतं ऐक. फर्निचरच्या कारखान्यात फोरमनच्या एका जागेसाठी तोंडी परीक्षा होती. बाहेर बाकावर आम्ही दोनच उमेदवार, मी आणि एक सुतारकाका. त्यांची मुलगी त्यांची उजळणी घेत होती.

“पाच छेद आठ म्हणजे किती टक्के, बाबा?”

“मागच्या खेपेला या टक्क्यांनीच घात केला माझा.”

“टक्के विसरा. इंचाचे आठ सूत, मग टेपवर पाच सूत म्हणजे?”

“अर्धा इंच आणि वर एक सूत.”

“अर्धा म्हणजे पन्नास. एक सूत साडेबारा.”

“मग साडेबासष्ट. अगं, हे तर मी रोज मापतो की.”

“सात सूत?”

“पूर्ण इंचाला एक सूत कमी. साडेसत्त्याऐंशी. विचार अजून, थांबू नकोस.”

“तीन छेद सात.”

“टेपवर सातवा भाग असतो का कुठे? सोड तो.”

“एक छेद सात म्हणजे चौदाच्या जरा वर, बाबा. त्याची तिप्पट...”

“सोड म्हटलं ना. सूत विचार.”

तेवढ्यात मला आत बोलावलं. पहिलाच प्रश्न, तीन छेद सात म्हणजे किती टक्के. चौदाच्या जरा वर, त्याची तिप्पट, जवळजवळ त्रेचाळीस, सांगून मोकळी झाले. बाहेर आले तर ती पोरगी दारातच उभी.

“ताई, काय विचारलं हो?”

जागा एकच. तू काय सांगितलं असतंस?