गुडघ्यांवरचा सगळ्यात स्वस्त इलाज

गुडघ्यांचं विचारलंत म्हणून सांगतो. मंदीच्या आधी इथे आखातात, अल बर्शातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवले होते. एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, "घुटने घिस गये हैं. वजन कम करो, रोज चलो. सबसे सस्ता इलाज है."

दोनशे दिरहम फी, म्हणजे चोवीसशे रुपये, आणि सल्ला काय, तर चाला. मी तेव्हा चहासुद्धा गाडीत बसून प्यायचो. कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवला की कप खिडकीशी हजर. चालणार कशाला?

मग मंदी आली आणि माझी नोकरी गेली. नोकरीबरोबर कंपनीची गाडीही गेली. बायको शाळेत शिकवायची, तिच्या जिवावर व्हिसा टिकला. सात महिने मी बायोडेटा घेऊन पायी ऑफिसं पालथी घातली. बाहेरचं खाणं बंद झालं. चौदा किलो उतरलो आणि गुडघे आहेत हेच विसरून गेलो.

पुढे नवी नोकरी लागली. गाडी मिळाली, इन्शुरन्सही चांगला मिळाला. वर्षभरात वजन परत आलं आणि गुडघेही परत बोलायला लागले. या वेळी बायको सोबत आली. मी डॉक्टरीणबाईंना चौदा किलोंचं मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या खूश होऊन म्हणाल्या, "बहुत बढिया. जो तब किया था, वही फिर से करो."

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "नहीं डॉक्टर, वो इलाज हमको नहीं परवडेगा. आप ऑपरेशन का देखो, वो इन्शुरन्स में बैठता है."